दोनदा भरलेली बॅग

दांडी गावच्या नलूला उन्हाची धास्ती कधी वाटली नव्हती. तिचा सगळा जन्म उन्हावरच निघाला होता. ऊन पडलं की बोंबील वाळायचे आणि बोंबील वाळले की घर चालायचं. लग्न होऊन आल्यापासून डोक्यावर टोपली आणि पायाखाली तापलेली वाळू, अशीच ती किनाऱ्यावर वावरत आली होती. म्हणून जावयाने घान्याहून फोनवर "आई, इकडे फार गरम असतं बरं का, तयारीने या," असं बजावलं, तेव्हा ती खो खो हसली.

"मे महिन्यात आमच्या बोंबील सुकवायच्या वलांड्या बांधायला ये एकदा," ती म्हणाली, "मग मला गरमीचं सांग."

जावई सुजीत चिंचणीचा. बोईसरला औषधांच्या कारखान्यात केमिस्ट होता, तिथून आफ्रिकेतल्या घाना देशात टेमा नावाच्या बंदराच्या गावी नोकरीला गेला आणि लग्न झाल्यावर हेमांगीलाही घेऊन गेला. हेमांगी ही नलू आणि महादूची एकुलती एक लेक. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तर ठरलेलंच होतं. नलूने मागची खोली सारवून, चुना मारून तयार ठेवली होती. पण सातव्या महिन्यात हेमांगीचं ब्लडप्रेशर चढायला लागलं आणि तिथल्या डॉक्टरिणीने विमानात बसायचं नाही म्हणून सांगितलं.

"मग मीच येते," नलू म्हणाली.

म्हणायला म्हणाली खरी, पण बोईसर, पालघर आणि वर्षाकाठी एखादी महालक्ष्मीची जत्रा, यापलीकडे तिने पाऊल टाकलेलं नव्हतं. पासपोर्ट काढायला गेली तेव्हा फोटोवाल्याने तीनतीनदा सांगूनही ती कॅमेऱ्याकडे बघताना डोळे मिटत राहिली. मुंबईला जाऊन पिवळ्या तापाची लस टोचून घेतली. परत आल्यावर दंड धरून आठवडाभर सगळ्यांना दाखवत हिंडली.

सुजीत स्वभावाने नेटका. तो रोज एक व्हॉइस मेसेज पाठवायचा आणि नलूची धाकटी जाऊ जागृती तो मोठ्याने लावायची. जाड साड्या आणू नका, सुती आणा, त्याही फिक्या रंगाच्या, गडद रंगावर मच्छर बसतात. पूर्ण बाह्यांचे ब्लाउज आणा. अंगाला लावायचं मच्छरांचं मलम आणा. पावसाळी चपला आणा, इथे पाऊस आला की रस्त्याचा ओढा होतो. साखर-मिठाच्या पुड्या आणा, घामोळ्यांची पावडर आणा. स्वेटर मात्र आणू नका.

"स्वेटर हाय कुठे माझ्याकडे?" नलू म्हणायची, आणि दोघी जावा हसत बसायच्या.

सुजीतने सांगितलं ते सगळं बॅगेच्या एका कोपऱ्यात मावलं. उरलेली बॅग नलूने आपल्या मनाने भरली. स्वतःच्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या साड्या फाडून तिने लंगोट केले. झबली शिवली, बंद पाठीवर घेतले, म्हणजे बाळाला टोचायला नकोत. लाल कापडाची एक कुंची शिवून तिला पांढरी झालर लावली. उकाड्याचा देश म्हणून दुपटी पातळ घेतली, एकेरी साडीची. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, सुंठ, ओवा, खारीक, बाळाची गुटी, वेखंड. सुके बोंबील आणि जवळा प्लास्टिकमध्ये तीनदा बांधून, वास बाहेर येऊ नये म्हणून. महादू बोलका माणूस नव्हता. बोटीवरून आला की तो ओट्यावर बसून काहीतरी विणायचा. जाळं असेल म्हणून नलूने कधी निरखून पाहिलं नाही. एक दिवस त्याने ती वस्तू तिच्यासमोर ठेवली. नव्या पांढऱ्या सुती दोरीची झोळी होती, बाळाला निजवायची.

"तिकडे पाळणा असंल," नलू म्हणाली.

"असूं दे. झोळीत वारा लागतो," महादू म्हणाला.

फोन आला तेव्हा नलू वलांडीवर बोंबील उलटत होती. जागृती फोन घेऊन वाळूतून धावत आली. ती धावतेय म्हणजे आनंदाचंच काहीतरी, लवकर सुटली वाटतं पोरगी, असं नलूच्या मनात आलं. तिने हात पदराला पुसले.

"आई," सुजीत म्हणाला, आणि पुढे बोलेना.

"बोल बाबा. झाली?"

"ठोके थांबले, आई. बाळाचे. पोटातच."

नलूने फोन दुसऱ्या कानाला लावला, जणू या कानाला चुकीचं ऐकू आलं होतं.

"हेमी कशी हाय?"

"ती बरी आहे. म्हणजे… तिला अजून कळा द्यायच्या आहेत. बाळ तसंच बाहेर काढावं लागतं म्हणतात."

"तिच्याजवळ कोण हाय?"

"मी आहे."

"तू हायस रे. बाईमाणूस कोण हाय?"

सुजीतला रडू फुटलं. नलू वाळूत खाली बसली. डोक्यावर ओळीने, दोन-दोन एकात अडकवून, बोंबील टांगलेले होते आणि त्यांची जोडजोड सावली तिच्या मांडीवर हलत होती. ती त्या सावलीकडे बघत राहिली. लेक समुद्रापलीकडे मेलेलं मूल जन्माला घालायला चालली होती, आणि आईचा हात तिच्या पाठीवर पोचणार नव्हता. तिकीट लवकरचं करून मिळालं, तरी मधे तीन दिवस गेलेच. त्या तीन दिवसांत हेमांगीची सुटका झाली. मुलगा होता. सुजीतने आणि तिथल्या दोघा गुजराती शेजाऱ्यांनी त्याला नेऊन पुरलं.

हे दुःख नलूला नवीन नव्हतं. हेमांगीच्या आधी तिलाही एक मुलगा झाला होता. तो रडलाच नाही. सुईणीने त्याला उलटा धरला, पाठीवर थापट्या मारल्या, मग फडक्यात गुंडाळून पडवीत नेला, आणि तिथून महादूचा बाप त्याला घेऊन गेला. नलूला कुणी काही दाखवलं नाही, आणि विचारायची तिची टाप नव्हती. दुसऱ्या दिवशी सासूने लाडवांचा डबा उचलून माळ्यावर ठेवला. मूल नाही तर बाळंतपण कसलं, असा सरळ हिशोब होता. सासू वाईट नव्हती. तिलाही कुणीतरी हेच शिकवलेलं. आठवडा झाला नाही तोच नलू टोपली घेऊन बोईसरच्या बाजारात बसली. समोर एका गिऱ्हाइकाच्या कडेवरचं पोर रडायला लागलं आणि नलूचा ब्लाउज दुधाने भिजला. छातीत नुसती आग. तिने टोपली उचलून छातीशी धरली आणि घरी येईपर्यंत खाली ठेवली नाही. मासळीच्या पाण्याने अंग भिजलंय, असं लोकांना वाटलं असेल.

म्हणून आता बॅग पुन्हा उघडताना नलूला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. मूल गेलं तरी बाई बाळंतीणच असते. तिची कंबर दुखते, तिचं दूध उतरतं, तिला थंडी वाजते, तिला भूक लागते.

शेजारची हिराआत्या येऊन बसली होती. ती म्हणाली, "नले, ते लाडू काढ गो. ते बाळंतिणीचं खाणं. आता कशाला न्यायचं? बरं दिसत नाय."

"माझी पोर बाळंतीण हाय," नलू म्हणाली. एवढंच. पण असं म्हणाली की हिराआत्याने लाडवांचा डबा तिच्या हाताशी सरकवला.

डिंक ठेवला, खारीक ठेवली, सुंठ-ओवा ठेवला. अळीव आणि बाळंतशेपा काढले, त्याने दूध वाढतं. पोट बांधायला दोन लांब सुती साड्या घेतल्या. मग बाळाचं सगळं बाहेर आलं. झबली, लंगोट, दुपटी, गुटी, ती लाल कुंची. प्रत्येक वस्तू ती दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवत होती. शेवटी झोळी निघाली. रिकाम्या झालेल्या जागेत तिने काय घालावं? तिला सुचेना. शेवटी आणखी सुके बोंबील भरले.

महादू दारात उभा होता. तो म्हणाला, "नलू, एखादं तरी घेऊन जा."

"कशाला? तिला दाखवून रडवायला?"

महादू पुढे झाला. तो ढीग उचलून त्याने आतल्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवला, नारळी पुनवेचे कपडे असतात तिथे, आणि कडी लावली.

विमानात नलू पट्टा न सोडता बसून राहिली. मधे एका विमानतळावर विमान बदलायचं होतं, तिथे एका केरळी नर्सने तिचा हात धरून तिला दुसऱ्या दारापर्यंत नेलं. घान्याला उतरली तर हवा अंगाला चिकटणारी, खारट, अगदी दांडीसारखी. सुजीत बाहेर उभा होता. तो वाकून पाया पडल्यावर ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. त्याच्या शर्टाची बटणं वरखाली लागली होती.

हेमांगी पलंगावर भिंतीकडे तोंड करून निजली होती. आईला बघून ती उठली, गळ्यात पडली, पण रडली नाही. तिचं अंग तापलं होतं. नलूने ब्लाउजवरून नुसता हात लावला आणि तिला कळलं. छाती दगडासारखी झाली होती.

"गोळी दिलीय डॉक्टरने," सुजीत बाहेरून म्हणाला.

"गोळी घेऊं दे. फ्रिजमध्ये कोबी हाय का?"

दांडीला असतं तर दूध आटवायला तिने मोगरा आणला असता, पण इथे कोबी. थंडगार पानं तिने लेकीच्या छातीवर ठेवली आणि वरून साडीची पट्टी बांधली. ओव्याची पुरचुंडी तव्यावर तापवून कंबर शेकली. पोट बांधलं. लाडू बारीक करून दुधात घालून भरवला. हेमांगी सगळं करू देत होती, लहानपणी न्हाऊ घालताना करू द्यायची तशी. दोन दिवसांनी ताप उतरला. आपण आलो ते बरं झालं, असं नलूला वाटलं.

तिसऱ्या दिवशी हेमांगी म्हणाली, "आई, बाळाचं काय काय आणलंस ते दाखव."

नलूचे हात थांबले. "नाय आणलं, बाय."

"म्हणजे? तू शिवलं होतंस ना? जागृतीकाकीने फोटो पाठवले होते. लाल कुंची होती."

"काढून ठेवलं. म्हटलं, तुला बघून त्रास होईल."

हेमांगी तिच्याकडे बघत राहिली. मग तिचा आवाज चढला. गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदाच चढला.

"कुणी विचारलं मला? मी हॉस्पिटलमधून यायच्या आत यांनी पाळणा कुणाला तरी देऊन टाकला. भिंतीवरचं चित्र काढलं. घरात असं काहीच उरलं नाय, की तो होता. मी म्हटलं, आई येतेय. आई आणील. आणि तू बोंबील घेऊन आलीस!"

 आपण सोसलं म्हणजे आपल्याला सगळं कळतं, असं नलू धरून चालली होती. पोरीच्या अंगाला काय लागेल ते तिने बरोबर ओळखलं, आणि मनाला काय लागेल ते तिला महादूने दारात उभं राहून सांगितलं तरी उमगलं नाही. ती स्वयंपाकघरात जाऊन ओट्याशी उभी राहिली. हेमांगी पुन्हा भिंतीकडे वळली. त्यानंतर ती जेवायची, पट्टी बांधून घ्यायची, पण बोलायची नाही. सुजीत कारखान्यातून यायचा आणि पायातले बूट न काढताच कितीतरी वेळ बसून राहायचा. घरात तीन माणसं, आणि पंख्याचा तेवढा आवाज.

एका दुपारी नलूने स्वतःहून फोन लावला. दांडीला तेव्हा संध्याकाळ होती. जागृतीने उचलला.

"तुझ्या भावोजींना दे," नलू म्हणाली, आणि महादू आल्यावर म्हणाली, "अवो, ती ट्रंक उघडा."

महादूने का म्हणून विचारलं नाही. जागृतीने व्हिडिओ लावला. नलूने फोन नेऊन हेमांगीच्या उशीला टेकवून ठेवला आणि स्वतः पलंगाच्या कडेला बसली.

पडद्यावर आधी ट्रंकेचं झाकण दिसलं. मग महादूचे हात. दोरखंड ओढून ओढून राठ झालेले, चिरा पडलेले ते हात एक इवलंसं झबलं धरून वर आले.

"हे झबलं," महादू म्हणाला. "पिवळं. बंद मागं हाय." त्याने ते उलटं करून बंद दाखवले. "हे दुसरं. याच्यावर फुलं हायत. ही टोपी."

"टोपी नाय बाबा, कुंची," हेमांगी म्हणाली.

"कुंची. लाल हाय. आईने झालर लावली." महादूने ती आपल्या मुठीवर चढवली, म्हणजे पोरीला आकार कळावा. मूठभर डोकं. हेमांगीच्या घशातून एक आवाज निघाला. महादू थांबला.

"ठेवूं का?"

"नको. दाखवा बाबा."

त्याने लंगोट एकेक करून दाखवले, सगळे सारखेच असून. दुपटी झटकून, उलगडून धरली. फोन धरलेल्या जागृतीच्या नाक ओढण्याचा आवाज येत होता. चित्र मधेच अडकायचं, मग हेमांगी म्हणायची, "परत दाखवा," आणि तो परत दाखवायचा. शेवटी झोळी आली.

"ही मी केली," महादू म्हणाला, आणि तिथे त्याचा आवाज गेला. त्याने झोळीच तोंडाशी धरली.

हेमांगी मोठ्याने रडली. तिचा रडण्याचा आवाज ऐकून सुजीत, जो केव्हा आला ते कुणाला कळलं नव्हतं, दारातून आत आला आणि पलंगाशी जमिनीवर बसला.

"केस होते का हो त्याला?" हेमांगीने त्याला विचारलं. बाळ बाहेर आलं त्या वेळी तिने डोळे घट्ट मिटून घेतले होते. नर्सने विचारलं, बघायचंय का, तर ती नको म्हणाली होती.

"होते," सुजीत म्हणाला. "पुष्कळ. काळे. ओले होते, कपाळाला चिकटलेले. कपाळ तुझ्या बाबांसारखं होतं. मी हात लावला त्याला. मला वाटलं, तुला सांगितलं तर…"

"सांगा," हेमांगी म्हणाली. "सगळं सांगा."

तो सांगत गेला. कशात गुंडाळला होता, हाताची बोटं कशी होती, जागा कुठे आहे, तिथे कसलं झाड आहे. फोन चालूच होता. दांडीच्या घरात महादू आणि जागृती खाली बसून ऐकत होते. 

मग नलू म्हणाली, "माझ्या पोराला केस होते का, मला ठाऊक नाय. मला दाखवलाच नाय कुणी."

हेमांगीने मान वळवून आईकडे पाहिलं. तिला काहीच माहीत नव्हतं. आपण पहिली, असंच ती जन्मभर समजत आली होती.

"होते," फोनमधून महादूचा आवाज आला. "मी बघितला होता पडवीत. थोडे होते, तांबूस."

इतकी वर्षं एका घरात राहून, एका ताटात जेवून नवरा-बायको त्या पोराबद्दल एक शब्द बोलले नव्हते. नलूने तोंडावर पदर घेतला. आता हेमांगी आईच्या पाठीवरून हात फिरवत होती.

नलू टेम्याला दोन महिने राहिली. हेमांगी हळूहळू उठती-बसती झाली. तिघं जण बाळाला पुरलं त्या जागेवर जाऊन आली. हेमांगीने तिथे पाणी घातलं. एकदा दोघी मायलेकी बंदरावर गेल्या, तर रंगीबेरंगी लांब होड्या लागलेल्या आणि बायका डोक्यावर मासळीची घमेली घेऊन भांडत होत्या. भाषा कळत नव्हती, पण भांडण मासळीच्या भावाचं आहे हे नलूला लांबूनच कळलं. ते ऐकून हेमांगी थोडीशी हसली. पण त्या रात्री ती जेवली नाही. असं चालायचं. एक दिवस बरा, दोन वाईट.

निघायच्या आदल्या दिवशी नलूने विचारलं, "ते सगळं पाठवूं का तुला? की कुणाला देऊं?"

"देऊ नको. पाठवू पण नको," हेमांगी म्हणाली. "राहू दे तिथं. मी येईन तेव्हा बघीन." कधी येणार ते तिने सांगितलं नाही आणि नलूनेही विचारलं नाही.

परत आल्यावर नलू पहिल्यांदा बोईसरला बाजारात बसली त्या दिवशी पापलेट बरे आले होते. नेहमीचं एक गिऱ्हाईक आलं, कारखान्यात काम करणाऱ्या बिहारी माणसाची बायको. तिला वाटलं, मावशी एवढ्या दिवसांनी दिसते म्हणजे बारसं करून आली.

"मौसी, बेटी को क्या हुआ? लडका कि लडकी?"

आजूबाजूच्या कोळणींनी माना वळवल्या. त्यांना ठाऊक होतं. एकीने त्या बाईला डोळ्याने खुणावलंही.

"लडका हुआ," नलू म्हणाली. "नहीं रहा. बहुत बाल थे उसको."

त्या बाईने हातातली पिशवी खाली ठेवली आणि ती टोपलीशेजारी उकिडवी बसली.  उन्हं वर आली होती. नलूने ओलं फडकं पिळून मासळीवर पसरलं.